मुक्काम पोस्ट

अर्जात एक रकाना असतो : राहण्याचा पत्ता.
तिथे माझं पेन थांबतं, दर वेळी.

मोर्जिना खातून, वय अंदाजे एकतीस.
शिक्षा संपली गेल्या वर्षी, आंबे संपत आले तेव्हा.
तारीख तिला आठवत नाही, आंबे आठवतात.
आता हा दुसरा हिवाळा.

शिक्षा संपली की सुटका, असं मी शिकले होते.
इथे शिक्षा संपली की खोली बदलते.
बराकीपलीकडची खोली, तेच कुलूप, पाटी नवी.
कैदी म्हणायचं नाही तिला आता.
मग काय म्हणायचं
ते परिपत्रकात लिहायचं राहून गेलंय.

पाच बायका, एक नळ, तीन घोंगड्या.
खिडकीतून किल्ला दिसतो का, मी विचारलं.
रात्री दिवे दिसतात, म्हणाली, खूप उंचावर.
पहिले कित्येक दिवस तिला वाटत होतं
तिथून विमानं सुटतात.

दुभाषा मंजूर आहे, आलेला नाही.
आम्ही दोघीच शब्द जुळवत बसतो.
ती म्हणते पानी, मी म्हणते पाणी : जमलं.
ती म्हणते कागोज, मी कागद : जमलं.
एवढ्या भांडवलावर मी खटला चालवतेय.

दूतावासाचं उत्तर आलं : नाव जुळत नाही.
एका फाइलीत मरजिना, एकीत मोरझिना,
ठाण्यातल्या कारकुनाने लिहिलंय मर्जीना.
मराठी डोळ्यांनी वाचलं तर
मर्जी ना.
कुणाची, ते विचारणारा रकाना नाही.

पॅड हवं असेल तर पहाऱ्यावरच्या शिपायाला हाक मारायची.
मोर्जिना हाक मारत नाही. घोंगडीची कड फाडते.
मी ते कोर्टात मोठ्याने वाचलं :
प्रत्येकीला महिन्याला बारा, मागायला न लावता.
सरकारी वकील फाइलीत काहीतरी शोधू लागले.
साहेबांनी पंख्याकडे पाहिलं, पौष महिन्यात.
ऐकू आलं नसेल म्हणून
मी परत वाचलं.

मुलगी सहा वर्षांची झाली तशी नेली,
शहराच्या दुसऱ्या टोकाला, बालगृहात.
नियम आहे. नियम मुलीच्या भल्याचा आहे.
परवा भेट घालून दिली, वीस मिनिटं.
आई बोलत राहिली, बोलत राहिली,
पोर माझ्याकडे वळून म्हणाली,
"का कह रई हैं जे?"
ते मात्र मोर्जिनाला
दुभाष्याशिवाय कळलं.

मी राहते लष्करात.
दोनशे वर्षांपूर्वी आमचं कुणीतरी फौजेमागून आलं,
तंबू ठोकले, चार दिवसांच्या बोलीवर.
खुंट्या कुजल्या, भिंती आल्या, भिंतींना चुना आला,
छावणी उठलीच नाही, गावालाच तिचं नाव पडलं.
कुठले तुम्ही, परत कधी जाणार,
कागद दाखवा,
कुणी विचारलं नाही.
आमच्याकडे तलवारी होत्या.
हिच्याकडे कात्री होती, ब्लाउज बेतायची.
पंचनाम्यात आहे : कात्री एक, जुनी, जप्त.

काल रकान्यात मी लिहिलं,
मुक्काम पोस्ट लष्कर, ग्वाल्हेर.
बाबू म्हणाला, बाईसाहेब, हा तर तुमचा पत्ता.
हो म्हटलं. जामीन द्या, माझ्याकडे राहील.
त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
तारीख मिळाली, बावीस.

निघताना मोर्जिनाने माझा काळा कोट धरला.
काखेत उसवलाय, माझं लक्षच नव्हतं.
तिने बोट घालून भोक मोजलं,
जीभ टाळ्याला लावून च्च केलं,
आणि हवेत चार टाके घातले, सफाईदार.

पुढच्या भेटीला सुई न्यायची आहे.
सुई एक, दोरा काळा.
परवानगीचा अर्ज दिलाय. प्रलंबित आहे.